आमचा सेल्फ

आमच्या गाडीचा स्वभाव आमच्या घरातल्या मंडळींच्या अगदी उलट आहे. घरातली मंडळी सकाळी उठताना कुरकुर करतात, पण एकदा चहा पोटात गेला, अंग जरा तापलं, की दिवसभर कुणाला ऐकत नाहीत. गाडी सकाळी गार असताना अर्ध्या हाकेला ओ देते. किल्ली फिरवायचा अवकाश, की सुरू. पण वीस-पंचवीस किलोमीटर पळून तापली आणि आपण कौतुकानं तिला पाच मिनिटं विश्रांती दिली, की संपलं. मग किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच आवाज येतो, "कट्!" लहानपणी आम्ही करंगळी पुढे करून कट्टी घ्यायचो, त्यातलाच हा प्रकार. पुढे अर्धा-पाऊण तास कितीही आर्जवं करा, बाई बोलायची नाही. गार झाली की पुन्हा काही घडलंच नाही अशी सुरू.

ही गाडी 1978 सालची. आम्ही तिला फियाट म्हणतो, कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, 1089 सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. त्या काळी गाडी विकत घेणं म्हणजे नंबर लावणं आणि नंबर लावणं म्हणजे वाट बघणं. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, नंबर लावला तेव्हा आमची ही शाळेत होती. गाडी दारात आली तेव्हा ही कॉलेजात होती. अप्पांची दृष्टी अधू झाली आणि ते वाईला धाकट्या मेव्हण्यांकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. कन्यादानाच्या वेळीसुद्धा त्यांचा हात इतका थरथरला नव्हता. हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण दोन्ही प्रसंगी घेणारा मीच होतो.

गाडीच्या या गरम डोक्याचा पहिला अनुभव आम्हाला शिरवळला आला. वाईला निघालो होतो. दोन महिन्यांपूर्वीच गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची म्हणून मी तिला नखशिखान्त नवा रंग दिला होता. इंजिन उतरवून बॉनेटच्या आतसुद्धा. लोक वळून बघत होते. खंबाटकीचा घाट चढायच्या आधी चहा घ्यावा म्हणून थांबलो, चहा घेतला, आणि किल्ली फिरवली. "कट्!"

मग धक्का. गाडीला धक्का मारायला महाराष्ट्रात माणसं कमी पडत नाहीत, फक्त ती सगळी मारताना सल्लाही देतात. त्या दिवशी सहा जणांनी धक्का मारला आणि आठ जणांनी सल्ला दिला. त्यातला एक सल्ला सगळ्यांच्या तोंडी होता. "पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका."

जुन्या गाड्या चालवलेल्यांना हे ओलं फडकं ठाऊक असेल. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा पेट्रोल ढकलायला बसवलेला, त्याला वाफ ढकलता येत नाही. त्यावर ओल्या फडक्याची पट्टी म्हणजे ताप आलेल्या पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी. पण तो रोग वेगळा. त्यात सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही. आमच्याकडे सेल्फच फिरत नव्हता. दोन्ही रोगांत गाडी बंदच राहते, म्हणून बघणाऱ्याला ते सारखेच वाटतात. मलाही वाटले. आमच्या हिचा एक बरा नॅपकिन त्यात कामी आला.

पुढचे सहा महिने आम्ही इंजिन बंद न करता जगायला शिकलो. वाटेत चहा प्यायचा तर आळीपाळीनं. एकानं टपरीवर जायचं आणि दुसऱ्यानं गाडीत बसून ॲक्सिलरेटर हलका दाबून धरायचा. तान्हं मूल झोपल्यावर पाळण्याची दोरी हलवत बसतात, तसं. एकदा एका लग्नाला गेलो आणि हिनं आत जाऊन अक्षता टाकल्या, मी बाहेर पेट्रोल जाळत बसलो. आहेर दिला, जेवण नाही.

मिस्त्रींकडे नेलं, पण गाडी गॅरेजात पोचून नंबर लागेपर्यंत गार झालेली असायची. डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तसं. मिस्त्री किल्ली फिरवायचे, गाडी झर्रकन सुरू व्हायची आणि ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मलाच तपासून घ्यावंसं वाटायचं. तरीही उपचार झाले. बॅटरी नवी घातली. सेल्फ उतरवला, त्यातले कार्बन बदलले, बुश बदलले. "साहेब, आर्मेचर गेलंय," असं निदान झालं, तेही बदललं. प्रत्येक वेळी बिल गरम आणि गाडी गार. आणि प्रत्येक वेळी शिरवळला "कट्!"

शेवटी आम्ही वाईला एस.टी.नं जाऊ लागलो. अप्पा दर रविवारी फोनवर विचारायचे, "गाडी बरी आहे ना?" आम्ही म्हणायचो, बरी आहे. "मग घेऊन का आला नाहीत?" तर हायवेला फार गर्दी असते, कुठे काम चालू आहे, पेट्रोल महाग झालंय. नव्वदीच्या माणसाला एवढी कारणं एकदम दिली की त्याला एकच खरं कारण कळतं. एका रात्री ही दिवा मालवता मालवता म्हणाली,

"अहो, अप्पांना वाटतंय आपण गाडी विकली."

"असं म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. आज त्यांनी गाडीचं विचारलंच नाही."

मला झोप आली नाही. निवृत्त माणसाला झोप आली नाही की तो वाचतो. मी सेल्फचा इतिहास वाचायला घेतला. दुरुस्ती येत नसली की माणूस इतिहासाकडे वळतो, हा माझा बँकेतल्या नोकरीपासूनचा अनुभव आहे.

सेल्फ येण्याआधी मोटारी हँडल मारून सुरू होत. पुढून लोखंडी दांडा खुपसायचा आणि गरकन फिरवायचा. ही फार धोक्याची गोष्ट होती. इंजिनात ठिणगी थोडी आधी पडली तर पिस्टन उलटा फिरतो आणि हँडल उलटून हातावर बसतं. म्हणून त्या काळच्या गाड्यांना स्टिअरिंगपाशी एक छोटा दांडा असे. हँडल मारण्याआधी त्यानं ठिणगी उशिरा पडेल असं करून ठेवायचं. विसरलं की मनगट गेलं. इतकी मनगटं गेली की मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला हाडांचे डॉक्टर अजूनही "शोफर्स फ्रॅक्चर" म्हणतात. आणि या "शोफर" शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ काय, तर भट्टी तापवणारा! वाफेच्या यंत्रांच्या काळातला शब्द. म्हणजे गाडी चालवणाऱ्याचं मूळ कर्तव्य ती तापवणं हेच होतं. आमच्या गाडीला हा इतिहास कुणी सांगितला नसावा.

हँडल धरायची एक रीत होती. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. म्हणजे उलटलंच तर हातातून निसटून जातं.

या हँडलपायी एक माणूस गेल्याची गोष्ट अमेरिकेत सांगतात. बायरन कार्टर नावाचे मोटारी बनवणारे गृहस्थ डेट्रॉइटमधल्या एका पुलावर बंद पडलेल्या गाडीतल्या बाईंच्या मदतीला धावले. बाई ठिणगीचा दांडा मागे घ्यायला विसरल्या होत्या. हँडल उलटून जबड्यावर बसलं आणि पुढे न्यूमोनिया होऊन कार्टर वारले. कार्टर वारले ते 1908 साली, एवढं नक्की. बाकीच्या तपशिलावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण कॅडिलॅकचे हेन्री लेलँड त्या मित्राच्या मृत्यूनं हळहळले आणि आपल्या गाडीला हँडल नको असा त्यांनी ध्यास घेतला, अशी ही गोष्ट पुढे जाते. शिरवळला मला धक्का मारणाऱ्या सहा जणांची मला त्या क्षणी फार काळजी वाटली.

लेलँडना भेटला चार्ल्स केटरिंग. ओहायोतल्या डेटन गावचा हा इंजिनिअर आधी नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये होता. दुकानाच्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवायचं काम त्यानं केलं होतं. आता गंमत बघा. जाणकारांचं म्हणणं असं होतं की इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल, ती गाडीत ठेवायची कुठे? पण केटरिंगला गल्ला ठाऊक होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर लागते ती क्षणभरच. क्षणभर मोटर आपल्या कुवतीबाहेरचं काम करू शकते, फक्त तिच्याकडून ते दिवसभर करून घ्यायचं नाही. तेच त्यानं इंजिनाला लावलं. 1911 साली त्याची गाडी हँडलशिवाय सुरू झाली आणि 1912च्या कॅडिलॅकला सेल्फ बसला. गल्ल्याच्या यंत्रातून सेल्फ निघाला हे वाचल्यावर, आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात सेल्फमुळे गल्ला इतका का वाजत होता याचा उलगडा झाला.

केटरिंगनं काढलेल्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरं जोडली की डेल्को. आता आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री इंजिनातल्या डिस्ट्रिब्यूटरला काय म्हणतो? डेल्को! "साहेब, डेल्कोत पाणी गेलंय." ओहायोतल्या त्या कंपनीचा जप पुण्याच्या गॅरेजात आजही चालू आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन हे मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. आज काय बिघडलंय?"

सेल्फ आला आणि पेट्रोलच्या गाड्या बायकांनाही सहज चालवता येऊ लागल्या. त्याआधी हँडलची कटकट नको म्हणून कितीतरी बायका विजेच्या गाड्या वापरत. त्यांत खुद्द हेन्री फोर्डची बायको होती. नवरा जगाला पेट्रोलची गाडी विकत होता आणि क्लारा फोर्ड स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक फिरवत होती! हे मी हिला वाचून दाखवलं तर ही म्हणाली, "शहाणी होती बाई." फोर्डच्या मॉडेल टीला सेल्फ मिळाला तो 1919 साली. घरच्या माणसाचं म्हणणं पटायला नवऱ्यांना वेळ लागतोच. सेल्फ सर्रास झाला तशा विजेच्या गाड्या मागे पडल्या. आज त्या परत आल्या आहेत आणि त्यांना सेल्फ लागतच नाही. केटरिंगचा प्रश्नच त्यांनी काढून टाकला.

इतिहासातून मी दुरुस्तीकडे आलो तो जॉर्ज ओहमच्या वाटेनं. हा जर्मन शाळामास्तर. विजेचा दाब, प्रवाह आणि विरोध यांचा साधा हिशेब त्यानं 1827 साली छापला. त्याला थंडा प्रतिसाद मिळाला आणि मास्तरांनी नोकरी सोडली. चौदा वर्षांनी, 1841 साली, लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोपली पदक दिलं. मी शाळेत ओहमचा नियम पाठ केला होता, पण त्याचा उपयोग पन्नास वर्षांनी शिरवळला होईल असं गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

हिशेब असा. घरातल्या शंभर वॅटच्या दिव्याला अर्धा ॲम्पियरही लागत नाही. इंजिन फिरवताना सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पियर खातो. या प्रवाहाच्या वाटेत कुठेतरी गंज असेल, सैल नट असेल आणि त्यानं फक्त एक शतांश ओहमचा अडथळा केला, तर दीडशे ॲम्पियरला दीड व्होल्ट तिथेच जातात. बॅटरी मुळात बारा व्होल्टची. म्हणजे पगार हातात येण्याआधीच आठवा हिस्सा कापला गेला. त्यात तांबं तापलं की विरोध वाढतो, दर अंशाला साधारण शेकडा 0.4. इंजिनाला चिकटून बसलेला सेल्फ आणि त्याचा सोलेनॉइड पन्नास अंशांनी तापले तर त्यांचा विरोध पाचव्या हिश्शानं वाढला. गार असताना कापलेल्या पगारात कसंबसं भागत होतं. गरमीत महागाई वाढली आणि महिनाअखेर आली. "कट्!"

अमेरिकेतले जुन्या गाड्यांचे शौकीन यावर बरेच उपाय करतात. त्यांच्या 1960-70च्या दशकातल्या मोठ्या इंजिनांत काही ठिकाणी सेल्फ सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला जवळजवळ टेकूनच असतो. मग मध्ये पत्र्याचा आडोसा घालतात, किंवा वेगळा सोलेनॉइड लांब, गार जागी बसवतात, किंवा किल्लीच्या वायरीवरचा भार रिलेवर टाकतात. हे सगळं मी वहीत आकृत्यांसह उतरवलं आणि मिस्त्रींपुढे ठेवलं. त्यांनी वही बघितली, मिटली आणि पहिल्यांदाच एक शहाणपणाची गोष्ट केली. म्हणाले, "साहेब, गाडी गरम करून आणू. मी पण बसतो."

आम्ही खेड-शिवापूरपर्यंत जाऊन आलो. गॅरेजच्या दारात गाडी बंद केली, पाच मिनिटं थांबलो, किल्ली फिरवली. "कट्!" सहा महिन्यांत त्या आवाजानं मला पहिल्यांदाच आनंद झाला. मिस्त्रींनी आधी टायमिंग बघितलं. ठिणगी फार आधी पडत असेल तर गरम इंजिन सेल्फला उलटा झटका देतं, हँडलच्या काळातला तोच जुना शत्रू. टायमिंग बरोबर होतं. मग ते बॉनेटखाली वाकले आणि मला म्हणाले, "मारा सेल्फ. मारत राहा." मी मारला. पुन्हा मारला. आणि मिस्त्री एकदम ओरडले. त्यांचा हात चोकच्या तारेला लागला होता आणि ती तार चटका बसेल इतकी तापली होती.

आता चोकची तार ही हवा कमी-जास्त करायची. तिच्यात वीज वाहायचं काही कारण नाही. मिस्त्री बोट तोंडात धरून हसायला लागले. "साहेब, हिला परत जायला रस्ता नाही!"

मग त्यांनी समजावलं. बॅटरीतून निघालेला प्रवाह जाड वायरीनं सेल्फकडे जातो, हे सगळे बघतात. पण त्याला परतही यावं लागतं. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनापासून बॉडीला एक विणलेल्या तांब्याची पट्टी लावलेली असते. अर्थिंगची पट्टी. प्रवाह तिच्यावरून बॉडीत आणि तिथून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला घरी येतो. ही पट्टी नीट टेकली नाही तर दीडशे ॲम्पियर बिचारे जी मिळेल ती वाट धरतात. आमच्याकडे त्यांनी चोकची तार धरली होती. हायवे बंद म्हणून सगळ्या ट्रक गावातल्या बोळातून सोडाव्यात, तसं.

मिस्त्रींनी एक जम्पर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं सरळ इंजिनाला. "आता मारा." गाडी, तापलेली, रुसलेली गाडी, एका क्षणात सुरू झाली.

पट्टी सोडून बघितली. तिच्याखाली, बॉडीवर, गुळगुळीत, चकचकीत, दोन हातांचा नवा रंग होता. बॉनेटच्या आतसुद्धा रंग मारा असं मीच बजावून सांगितलं होतं. रंगाऱ्यानं हुकूम पाळला होता आणि पट्टी त्याच्यावर घट्ट आवळून टाकली होती. नटाच्या आट्यांतून जेवढा प्रवाह जाईल तेवढ्यावर गाडी दिवस काढत होती. बॅटरी, कार्बन, बुश, आर्मेचर, सगळे निर्दोष होते. त्यांना मी हकनाक काढून टाकलं होतं.

मिस्त्रींनी पॉलिश पेपरनं रंग खरवडून पत्रा पांढरा केला, पट्टी नवी घातली, वरून ग्रीस लावलं. बॅटरीची टोकंही घासून घेतली. पंधरा मिनिटांचं काम. त्यांनी पैसे मागितले ते पट्टीचे. मी चहा सांगितला, तर म्हणाले, "इंजिन बंद ठेवून पिऊ."

पुढच्या रविवारी आम्ही शिरवळला थांबलो. दोघांनी एकाच टेबलाशी बसून, एकाच वेळी चहा घेतला. बाहेर येऊन किल्ली फिरवताना ही डोळे मिटून बसली होती. गाडी सुरू झाली. धक्का मारायला दोघेजण पुढे आले होते, ते जरा नाराज झाले.

वाईला दारात हॉर्न वाजवला. हॉर्नही जुनाच. अप्पा काठी टेकत बाहेर आले. दिसत फारसं नाही, म्हणून त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. ते बराच वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "बंद करा. आता लावा." मी लावली. "पुन्हा बंद करा. पुन्हा लावा." असं चार वेळा झालं. केटरिंगची प्रात्यक्षिकंही इतकी कडक नसतील.

संध्याकाळी मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. केटरिंग, कार्टर, ओहम. ते ऐकत होते. शोफर्स फ्रॅक्चरपाशी आलो तेव्हा त्यांनी उजवं मनगट सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतलं. अप्पांचं हे मनगट जरा वाकडं आहे. 1981च्या पावसाळ्यात विहिरीच्या काठावर घसरून पडले, असं घरात सगळ्यांना माहीत आहे.

ही चहा आणायला आत गेली तसे ते माझ्या कानाशी वाकले.

"अंगठा कुठे ठेवायचा म्हणालात?"

"बोटांच्याच बाजूला, अप्पा. मूठ आवळायची नाही."

"हं," ते म्हणाले. "मी आवळली होती. बॅटरी उतरली होती हो त्या दिवशी. हिच्या आईला सांगितलं असतं तर तिनं गाडी विकायला लावली असती." मग थोडं थांबून, "तुम्ही घरात काही बोलू नका."

मी शब्द दिला. निघताना त्यांनी डिकी उघडायला लावली आणि चाचपून बघितलं. हँडल जागेवर होतं.